बर्फात घातलेलं रक्त

मावशीच्या दुकानावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. लोक "थंडीमावशीकडे जाऊ या" म्हणतात आणि बरोबर पोचतात. हे नाव एका शाळकरी मुलीनं ठेवलं. कोन हातात देताना मावशीची बोटं तिच्या बोटांना लागली आणि ती दचकून ओरडली, "आई, ह्या मावशी फ्रीजमध्ये राहतात!" दुकानात हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. माझी ती सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. लहानपणी मला ताप आला की आई तिला बोलावून घ्यायची. ती येऊन तळहात कपाळावर ठेवायची आणि माझे डोळे आपोआप मिटायचे.

दुकान आइस्क्रीमचं. पुढे काचेचा काउंटर, मागे मशीनची खोली आणि तिच्याही मागे, जाडजूड दाराआड, गोठवणीची खोली. दूध, साय आणि साखरेचं मिश्रण मशीनमध्ये ओतायचं. आत पातं फिरत राहतं आणि मिश्रण घट्ट होत जातं. कधी थांबवायचं हे सांगायला मशीनवर एक काटा आहे. मावशी त्याच्याकडे बघत नाही. पात्याचा आवाज आधी खळखळता असतो, मग हळूहळू जड होतो, कुणी ओल्या वाळूतून पाय ओढत चालावं तसा. तो आवाज आला की ती बटण बंद करते आणि चपट्या कालथ्यानं, उघड्या हातांनी, माल डब्यांत भरते. हातमोजे तिनं एकदाच घालून पाहिले होते. "मोजे घातले की माल माझ्याशी बोलत नाही," म्हणाली, आणि ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

काका, म्हणजे तिचे यजमान, माल पोचवतात. हॉटेलं, ऑफिसांची कॅन्टीनं, एक-दोन दवाखान्यांची उपाहारगृहं. त्यांची लहानशी बंद व्हॅन आहे आणि तिच्यात ते ड्राय आइस ठेवतात, तो पांढरा बर्फ, जो वितळून पाणी होत नाही, नुसता धुरासारखा उडून जातो. काकांचा जगात फारशा गोष्टींवर राग नाही. एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे "असंच". फार पूर्वी एका हॉटेलच्या व्यवस्थापकानं त्यांना सांगितलं होतं, डबे असेच ठेवून जा, आमचा फ्रीझर व्यवस्थित चालू आहे. सकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवरून स्ट्रॉबेरीचा ओहोळ वाहत होता आणि पाहुणे चपला उचलून चालत होते. तेव्हापासून काकांना कुणी "असंच न्या हो, काही होत नाही" म्हटलं, की ते मान डोलावतात आणि गुपचूप दुप्पट बर्फ घालतात.

गेल्या वर्षी मावशीला डबे उचलताना दम लागायला लागला. शौचाला रक्त पडत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. "मूळव्याध असेल, बसून बसून होते," असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. वास्तविक ती दिवसभरात कधी बसत नाही. शेवटी काउंटरपाशीच तिला चक्कर आली आणि रोज कॉफीचा कोन खाणाऱ्या निवृत्त मास्तरांनी तिला खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर झापलं, "दुसऱ्यांची तोंडं गार करता, स्वतःचं तोंड मात्र उघडत नाही!" मग तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ बाहेर आली, आतड्याची दोन टोकं जोडली गेली आणि मावशी घरी आली ती पोटावर हात ठेवून चालत, पण चालत आली.

आम्हाला वाटलं, संपलं.

कर्करोगाच्या डॉक्टर वयानं मावशीपेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि खिडकीत एक कुंडी. त्यांनी ऑपरेशनचा अहवाल उलगडून समजावला. गाठ आतड्याच्या भिंतीतून बरीच बाहेर आली होती, पण आसपासच्या लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. "म्हणजे तुम्ही अगदी मधोमध आहात," त्या म्हणाल्या. "काही जण एवढ्या ऑपरेशननं बरे होतात आणि पुन्हा काही होत नाही. काहींच्या शरीरात मात्र डोळ्याला न दिसणारं थोडंसं उरलेलं असतं आणि ते पुढे डोकं वर काढतं. केमो द्यावी की न द्यावी, ते त्यावर ठरतं."

"ते कळणार कसं?" मावशीनं विचारलं.

"रक्तावरून. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. तुमच्या गाठीचा नमुना आपल्याकडे जपून ठेवलाय. त्या गाठीच्या डीएनएमध्ये कोणते बदल आहेत ते आधी वाचायचे. मग तेच बदल तुमच्या रक्तात कुठे दिसतात का, ते शोधायचं. दिसले तर आत काहीतरी उरलंय असं धरायचं आणि औषध सुरू करायचं. नाही दिसले तर थांबता येईल."

"आणि औषध म्हणजे? केस जातात ते?"

"केस थोडे विरळ होतील, सगळे जाणार नाहीत. थकवा येईल, मळमळेल." डॉक्टर अहवालाच्या कडेला काहीतरी लिहीत होत्या. "आणि त्यातलं एक औषध असं आहे, की थंडीचा त्रास होतो. थंड वस्तूला हात लागला तर बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. थंड पाण्याचा घोटसुद्धा घशाला लागतो. उपचार चालू असेपर्यंत फ्रीज उघडतानाही मोजे घालायचे. बहुतेकांना हळूहळू बरं वाटतं, पण काहींच्या बोटांत बधिरपणा राहून जातो. तुम्ही काम काय करता?"

मावशी स्वतःच्या बोटांकडे बघत होती. काकाच म्हणाले, "आइस्क्रीम."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवसापासून मावशीच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो आम्हा सगळ्यांना दिसत होता. तिला मरणाची भीती नव्हती असं नाही. पण मरण लांब होतं, धूसर होतं. बोटं मात्र इथं होती, डोळ्यांसमोर. मी एकदा दुकानात गेले तर ती गोठवणीच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यावरच उभी होती आणि आतली पांढरी वाफ तिच्या पायांवरून बाहेर येत होती. मला बघून दार लोटलं आणि म्हणाली, "रबर जरा सैल झालंय दाराचं, तेच बघत होते." रबर ठीक होतं.

गाठीचा नमुना वाचून व्हायला वेळ लागणार होता. तेवढ्यात तिनं काकांना मशीन शिकवायला घेतलं. औषध सुरू झालंच तर दुकान कुणी चालवायचं?

"आता ऐका," ती म्हणायची. टाके ओढत असल्यामुळे स्टुलावर बसून.

"ऐकतोय."

"काय ऐकू येतंय?"

"मशीन."

"अहो, मशीन चालू आहे ते मलाही कळतंय! आवाज बदलला का?"

काका डोळे बारीक करून, मान तिरकी करून उभे राहायचे. "आता बदलल्यासारखा वाटतोय."

"तो शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आहे."

पहिला घाणा इतका कडक झाला की कालथा आत रुतून उभा राहिला. काकांनी तो दोन्ही हातांनी ओढला, मग पाय मशीनला लावून ओढला. मावशी पोट धरून हसली आणि मग "हसवू नका हो, टाके दुखतात" म्हणून त्यांच्यावरच ओरडली. दुसऱ्या घाण्याचं काकांनी घाईघाईनं मिल्कशेक करून टाकलं. मास्तरांनी तोही चवीनं पिऊन सांगितलं, "मावशी, तुम्ही लवकर बऱ्या व्हा. मी हे फार दिवस पिऊ शकणार नाही."

रक्त द्यायचा दिवस आला. दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन जाड नळ्या भरून घेतल्या आणि एका पुठ्ठ्याच्या डब्यात बसवल्या. नमुने न्यायला रोज सकाळी एक माणूस येई. तो येऊन गेला होता. एक तर उद्या सकाळपर्यंत थांबायचं, नाहीतर प्रयोगशाळेच्या काउंटरवर स्वतः नेऊन द्यायचं.

"माझी गाडी खालीच आहे," काका म्हणाले. "माल वेळेवर पोचवण्यात तर जन्म गेलाय माझा."

"मग न्या, काका," सिस्टर म्हणाली. "पण काही करू नका हं ह्याला. ह्या नळ्यांमध्ये रक्त टिकवणारं औषध आधीच घातलेलं असतं. बर्फबिर्फ नको. असंच न्या."

मी तिथेच होते. काकांनी मान डोलावली. त्यांची ती मान मी ओळखायला हवी होती म्हणा, पण मी मावशीची पर्स आणि चपला शोधण्यात होते. काका एकटेच गेले, आम्ही रिक्षानं घरी आलो. संध्याकाळी ते परतले तेव्हा अगदी खूश होते. "वाटेत ऊन काय लागत होतं! पण पोचवलं व्यवस्थित. काउंटरवरच्या मुलानं डबा हातात घेतला तर म्हणाला, केवढा गार आहे! म्हटलं, मग?"

आम्हा दोघींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ह्या घरात गार म्हणजे चांगलं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मावशी लिंबाचं मिश्रण गाळत होती. फोनवर दवाखान्याचं नाव बघितलं आणि तिनं गाळणी पातेल्यावर तशीच सोडली. मला फोन देत म्हणाली, "तूच घे. मला नको सांगूस. आधी तू ऐक."

मी ऐकलं. पलीकडे तीच सिस्टर होती. मी "बरं", "हो", "कळलं" एवढंच म्हणत होते आणि मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्या कोपरापर्यंत लिंबाचा रस ओघळला होता.

"काय झालं?"

"निकाल नाही आला अजून. रक्त पुन्हा द्यायचंय. आधीचं फुकट गेलं. ते गोठलं होतं."

"गोठलं?"

"नळ्यांमध्ये बर्फ झाला होता. ती म्हणते, गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्यांचा सगळा डीएनए बाहेर येतो. मग त्या गर्दीत गाठीचे चार तुकडे असले तरी सापडत नाहीत."

मावशी हळूच काकांकडे वळली. काका दारात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अहो, तुम्ही काय केलंत?"

"मी... थोडासाच घातला होता. ड्राय आइस. दोन्ही बाजूंनी." आणि मग, अगदी खालच्या आवाजात, "वरून पण."

"माझं रक्त तुम्ही हॉटेलला पोचवत होतात का!"

"ती पोरगी म्हणाली, असंच न्या. असंच न्या म्हणाली ना ती! मला वाटलं, लहान आहे, तिला काय ठाऊक उन्हात मालाचं काय होतं ते..."

मावशी आधी चिडली. मग तिचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली, पदरानं डोळे पुसले. "माझ्या रक्ताचं आइस्क्रीम केलं ह्यांनी!" मीही हसले. हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं, काका हसत नव्हते. ते व्हॅनची चावी हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

कारण डॉक्टरांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. औषध द्यायचं झालं, तर ते ऑपरेशननंतर फार लांबवून चालत नाही. आणि काकांनी दिवस घालवले होते.

दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा त्यांनी डब्याला हातही लावला नाही. सकाळचा नमुनेवाला आला आणि डबा घेऊन गेला. काका भिंतीला टेकून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, बघत राहिले. त्यानंतरच्या दिवसांत ते जेवायला बसत आणि ताट तसंच ठेवून उठत. माल पोचवायला जात, पण हॉटेलवाल्यांशी गप्पा मारेनात. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "समजा त्यात काही निघालं. आणि मग उशीर झाला म्हणून... म्हणजे डॉक्टर तसं तोंडावर बोलतील का?"

उत्तर मावशीनं दिलं. ती आत डबे पुसत होती आणि तिचे कान कसे आहेत हे आम्ही दोघं विसरलो होतो.

"इकडे या," ती म्हणाली. काका गेले. "डॉक्टरांना मी विचारलंय. त्या म्हणाल्या, अजून वेळ आहे. धावपळ होईल, पण वेळ गेलेला नाही. कळलं?"

"कधी विचारलंस?"

"तुम्ही तोंड पाडून बसलात त्याच दिवशी. फोन केला. आणि हे बघा, तुम्ही जे केलं ते मला जपायलाच केलं. आता जेवायचं. घाण्याला बसवायचंय तुम्हाला परत, मला काही हा दगडी व्हॅनिला विकायचा नाहीये."

त्या दुपारी काका जेवले. मशीनचा आवाजही त्यांना बरोबर कळला, असं मावशी म्हणाली. मला वाटतं ती खोटं बोलली, पण माल चांगला झाला होता.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. बाहेरच्या बाकावर मावशी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. तिची बोटं जाड आहेत, सांध्यांपाशी लालसर, नखं आखूड कापलेली. एरवी ती सतत काहीतरी पुसत किंवा उचलत असतात; त्या दिवशी ती स्थिर होती आणि ती तशी बघवत नव्हती. आतून हाक आली.

डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि बसायच्या आतच म्हणाल्या, "चांगलं आहे. तुमच्या गाठीच्या खुणा रक्तात सापडल्या नाहीत."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. मावशी मात्र डॉक्टरांकडे रोखून बघत होती.

"म्हणजे नाहीत, की सापडल्या नाहीत?"

डॉक्टर किंचित हसल्या. "सापडल्या नाहीत. ही तपासणी फार बारीक बघते, पण तिलाही मर्यादा आहेत. म्हणून आपण नजर ठेवणार. काही महिन्यांनी पुन्हा रक्त, अधूनमधून स्कॅन, आणि आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. पुढे कधी काही दिसलं तर तेव्हा औषधाचा विचार करू. पण आजचं विचाराल, तर औषध न देता थांबायला मला भीती वाटत नाही."

"तुम्हाला भीती वाटत नाही," मावशीनं तेच शब्द पुन्हा म्हटले, चव बघावी तसे.

"नाही. बाकी निर्णय तुमचा. तुम्हाला औषध घ्यायचंच असेल तर..."

"नको," मावशी म्हणाली. मग जरा संकोचून, "म्हणजे, तुम्ही म्हणता तसंच करू. थांबू. उद्यापासून मशीन मीच चालवलं तर चालेल?"

"जड डबे अजून उचलायचे नाहीत. बाकी करा की."

काकांचा जीव भांड्यात पडला तो मला प्रत्यक्ष दिसला. ते खुर्चीत बसले, मग उठले, डॉक्टरांना हात जोडले, दाराशी जाऊन परत आले आणि पुन्हा हात जोडले. "मागच्या वेळी मी जो घोळ घातला..." त्यांनी सुरुवात केली.

"ते सिस्टरनं सांगितलंय मला," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्याकडे नमुने उन्हात तापून आलेले आहेत, हरवलेले आहेत. इतके जपून आणलेले मात्र कधीच आले नव्हते."

खाली आलो. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली व्हॅन उभी होती. मावशी पुढच्या सीटवर बसली, मी मागे, काका स्टिअरिंगपाशी. बोलायला खूप होतं आणि घाई काहीच नव्हती. आईला फोन करायला मी मोबाइल काढला, नंबर लावणार तोच काकांनी मागे वळून नकारार्थी मान हलवली.

मावशी झोपली होती. मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड किंचित उघडं, एक हात सीटवरून सुटून खाली लोंबकळत होता. इतके दिवस ती पडून राहायची, पण कधीही गेलं तरी तिचे डोळे उघडेच असायचे. आता ती भरदिवसा, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, लहान मुलासारखी झोपली होती. काकांनी चावी फिरवली नाही. तिचा लोंबणारा हात उचलून त्यांनी अलगद तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या बाजूची काच, आवाज न करता, थोडी वर केली.

आम्ही बसून राहिलो. झाडाची सावली बॉनेटवरून सरकत दारापर्यंत आली.

शेवटी पार्किंगचा वॉचमन आला आणि त्यानं काकांच्या खिडकीवर टकटक केली. काकांनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि काच खाली केली.

"गाडी काढा साहेब, मागे रांग लागलीय."

"जरा थांबता का? झोपलीय ती," काका कुजबुजले.

वॉचमननं वाकून आत बघितलं. त्याचाही आवाज खाली आला. "आजारी आहेत का?"

काकांनी मावशीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "झोप आलीय फक्त."

वॉचमन मागच्या गाड्यांकडे गेला आणि त्यांना हातानं दुसऱ्या बाजूनं वळवायला लागला.